फायनल एमबीबीएसचं मेडिसिन प्रॅक्टिकल : लॉगबुकच्या सह्यांपासून लाँग केसपर्यंत

रिझल्ट लागून इंटर्नशिप सुरू झालीय आणि ज्युनियरचे मेसेज काही थांबेनात. ताई लाँग केसला (एक पेशंट पूर्ण तपासून एक्झामिनरपुढं मांडायचा) काय विचारतात, लॉगबुक (केलेल्या कामाची, सरांच्या सह्यांची वही) अर्धवट असलं तर बसू देतात का, सेकंड इयरचं सगळं विसरलोय आता काय करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजची. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली थोडं रडगाणं पण आहे. गाव परभणी जिल्ह्यातलं (जगात जर्मनी नि भारतात परभणी, माहितीच असेल), दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरात आधी कुणी डॉक्टर नाही. रँक-बिंक काही नाही, सरळ पास झालेय, त्यामुळं टॉपरच्या टिप्स पाहिजे असतील तर इथं मिळणार नाहीत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. प्रॅक्टिकलला पेशंटपुढं उभं राहिल्यावर फायनल इयरचं जाडजूड पुस्तक कमी आणि फर्स्ट-सेकंड इयरच्या वह्या जास्त कामाला येतात. कार्डियाक सायकलचा (एका ठोक्यात हार्ट कसं आकुंचन पावतं, कसं सैल होऊन भरतं) तो ग्राफ आठवतोय का, जो आपण पाठ करून काढून दिला आणि विसरून गेलो? तोच. एक्झामिनरला आजाराचं नाव ऐकण्यात फार रस नसतो, नाव तर पेशंट पण सांगतो. हे चिन्ह कशामुळं आलं आणि ते का नाही आलं, सगळी खेच तिथंच असते.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, कॅज्युअल्टीत कळलं. पावसाळ्यात आमच्याकडं रात्रीच्या इमर्जन्सीला दोन पेशंट ठरलेले, एक साप चावलेला आणि एक विष घेतलेला नाहीतर फवारणी करताना अंगावर गेलेला. थर्ड इयरला असताना एका रात्री सोयाबीनच्या रानातून एका काकांना आणलं, पाय पोटरीपर्यंत सुजलेला, साप कुणी बघितलेला नाही. जेआर (ज्युनियर रेसिडेंट) सरांनी माझ्या हातात काचेची टेस्ट ट्यूब दिली आणि म्हणाले २ मिली रक्त घे, यात टाक, तिथं खिडकीत ठेव आणि २० मिनिटं हात लावायचा नाही. मी म्हटलं सर ट्रेमध्ये प्लास्टिकच्या आहेत की. ते म्हणाले, "काचच का, सांग." मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं की काचेला रक्त लागलं की क्लॉटिंगचा फॅक्टर १२ जागा होतो आणि पुढची साखळी सुरू होते, प्लास्टिकला तसं होत नाही, आणि ट्यूब साबणानं धुतलेली असली तरी पण नीट गोठत नाही, मग नॉर्मल माणसाचं रक्त पण विषारी दिसतं. म्हणून नवी, कोरडी, काचेची. सेकंड इयरला ती कोअॅग्युलेशनची साखळी मी भिंतीवर चिकटवून पाठ केलेली आणि ती अशी खिडकीत उभी राहील असं कधी वाटलंच नव्हतं.

२० मिनिटांनी ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गाठीचा पत्ता नाही. म्हणजे रक्त गोठू न देणारं विष, घोणस किंवा फुरसं, साप दिसला काय नि न दिसला काय. अँटिस्नेक व्हेनमच्या १० व्हायल काढल्या. ती पावडर असते, पाणी घालून विरघळवावी लागते आणि घाईत खळखळ हलवली की नुसता फेस होतो, म्हणून सिस्टरांनी मला दोन्ही तळहातांत धरून हळूहळू फिरवायला शिकवलं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं औषध, रिअॅक्शन कधीही येऊ शकते, त्यामुळं अॅड्रेनलिन आधीच सिरिंजमध्ये भरून उशाला. हे सगळं नंतर फायनलच्या टेबलवर जसंच्या तसं विचारलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार, आपली अँटिस्नेक व्हेनम या चारांवरच चालते, हेही.

विषाच्या पेशंटचं पण तेच. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. ऑर्गॅनोफॉस्फरस (फवारणीचं विष) कोलिनएस्टरेज बंद पाडतं, अॅसिटिलकोलिन साचतं, एवढं सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न असतो की उतारा म्हणून अॅट्रोपिन किती द्यायचं, कधी थांबायचं. उत्तर बाहुली मोठी झाली की थांबा असं नाही, छाती कोरडी झाली पाहिजे, पल्स ८० च्या वर आली पाहिजे आणि बीपी धरलं पाहिजे. आणि अॅट्रोपिन फक्त मस्करिनिक बाजू अडवतं, त्यामुळं स्नायूंचं फडफडणं आणि मानेतली ताकद जाणं यानं सुधारत नाही, म्हणून छाती साफ झाली तरी तीन-चार दिवस मान उचलायला लावून बघत राहायचं.

आता ऑफिसचं. ज्याला कंटाळा येतो त्यानं पण हा भाग वाचा, कारण आमच्या बॅचची जास्तीत जास्त झोप यात गेली. नव्या सीबीएमई (कॉम्पिटन्सी-बेस्ड) सिलॅबसमध्ये लॉगबुक पूर्ण नसलं, इंटर्नल असेसमेंट कमी असली किंवा अटेंडन्स थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला ८० टक्के भरत नसली की युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नाही. आमच्याकडं नोव्हेंबरात डिफॉल्टर लिस्ट लागली. लिस्टमध्ये नाव नव्हतं तरी माझं लॉगबुक अर्धं रिकामं होतं. केसेस बघितलेल्या, पण सही राहिलेली. ज्या मॅडमच्या पोस्टिंगला केस केली त्यांची बदली झालेली, दुसऱ्या सरांकडं गेलं तर ते म्हणणार माझ्या युनिटची केस नाही, क्लार्क म्हणणार आधी एचओडींची (विभागप्रमुखांची) सही आणा, एचओडी मीटिंगला. यात कुणाचा दोष म्हणावा मला अजून कळलेलं नाही. शेवटी जुन्या हजेरीच्या रजिस्टरमधून तारखा काढून दिल्यावर सह्या झाल्या. डिसेंबर सगळा असाच गेला. तर पोस्टिंग संपायच्या दिवशीच, त्याच वॉर्डात, त्याच सरांकडून सही. सर चहा पीत असले तरी चालेल. आणि सही झालेल्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, लॉगबुक हरवणारे दरवर्षी निघतात.

परीक्षेचा फॉर्म कॉलेजमधूनच भरला जातो, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या पोर्टलवर. फी वेळेत भरा, लेट फी म्हणजे उगाच भुर्दंड. हॉल तिकीट पण कॉलेजच्या लॉगिनला येतं, आपल्याला सेक्शनमधून सही-शिक्क्यानं मिळतं, त्यावर फोटो आणि विषयांचे कोड तिथंच उभं राहून तपासा.

खर्चाचं विचारतात म्हणून. स्टेथोस्कोप नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर ८ हजारांच्या पुढं जातो. मी साधा घेतलेला, फक्त त्याला बेल (वाटीसारखी बाजू) आणि डायफ्राम (पडद्याची सपाट बाजू) दोन्ही नीट आहेत का बघून घ्या, का ते खाली कळेल. नी हॅमर, १२८ चा ट्यूनिंग फोर्क, मोजायची टेप, टॉर्च, कापूस, टाचण्या, कॉफी पावडरची पुडी (वास घ्यायला लावायला, पहिली क्रेनियल नर्व्ह) हे सगळं मिळून हजाराच्या आत बसतं, आणि सीनियर पास आऊट होताना अर्ध्या किमतीत देतात. झेरॉक्सवर मात्र बेसुमार पैसे गेले आणि त्यातलं निम्मं मी उघडूनही बघितलं नाही.

थिअरी जानेवारीच्या शेवटी झाली. मेडिसिनचे दोन पेपर, लिहून हात दुखला, बाकी सांगण्यासारखं काही नाही. डायग्राम काढा, फ्लोचार्ट काढा.

प्रॅक्टिकल फेब्रुवारीत. आदल्या रात्री हॉस्टेलच्या ग्रुपवर एक्स्टर्नल (बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक) कोण आलेत, ते कुठल्या विषयात रगडतात याचे मेसेज उडत होते. त्यातलं एकही खरं निघालं नाही, फोन बंद करून झोपा. सकाळी आठला रिपोर्टिंग, इस्त्रीचा अॅप्रन, रोल नंबरप्रमाणं चिठ्ठी उचलायची आणि त्या बेडवर जायचं. लाँग केसला पाऊण तास ते तास मिळतो. एक नळी, एक पॅड, एक पेन, बाकी मोबाइल बाहेर जमा.

माझ्या चिठ्ठीला निघालेल्या ताई ऊसतोडीच्या होत्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या, हंगाम अर्धवट टाकून गावाकडं आलेल्या. सकाळपासून दोघा-तिघांनी तपासून त्या वैतागल्या होत्या, त्यामुळं आधी चहा झाला का विचारलं, पडदा ओढून घेतला, हात चोळून गरम केले. एवढं केलं की पेशंट बोलतो, आणि पेशंट बोलला की तुमची निम्मी केस झाली. मी काय होतंय विचारलं तर पहिल्यांदा म्हणाल्या, "झडपंचा आजार हाय म्याडम, फोटू काढलाय." झालं, डायग्नोसिस हातात! पण पुढं एक्झामिनर विचारणार की झडप कुठली, किती अरुंद, कशामुळं, आणि तुला कसं कळलं. म्हणून पहिल्यापासून सगळं विचारलं.

दम किती लागतो हे जिना चढण्यावरून विचारायची आपल्याला सवय आहे. त्यांच्या कोपीवर जिना कुठला? त्यांना म्हटलं कामात कधी लागतो. "मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रॅक्टरमधी चढताना. पयले गाडी भरली तरी काय वाटत नव्हतं, आता एका मोळीला बसावं लागायलंय. अन् आता महिन्यापासून भाकरी थापताना बी." नोटमध्ये एनवायएचए क्लास थ्री (दमाच्या चार पायऱ्यांतली तिसरी, थोड्या कामातही दम) लिहून झालं. रात्री किती उशा घेता हे पण विचारू नका, घरात एक वाकळ घडी करून सगळे झोपतात. उताणं झोपता येतं का विचारा. "उताणं पडलं की जीव घाबरा व्हायलाय, भिताडाला टेकून बसून ऱ्हाते." ऑर्थॉप्निया. खोकल्यात रक्त पडलेलं, म्हणून आधी टीबीसाठी थुंकी तपासली होती, निगेटिव्ह. लहानपणी ताप येऊन गुडघे सुजायचे का? हो, एक बरा झाला की दुसरा, मग घोटा, शाळा बुडाली होती. दुसऱ्या बाळंतपणात खूप दम लागला होता, तेव्हा तालुक्याला पहिल्यांदा कळलं.

तपासणीत पल्स हाताला लागली तीच वेडीवाकडी, ना ताल ना जोर सारखा. शेजारच्या बेडच्या इंटर्नला विनंती करून त्यानं मनगट धरलं आणि मी छातीवर मोजलं, एकाच वेळी पूर्ण मिनिट, फरक १० च्या वर. म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हार्टचा वरचा कप्पा (एट्रियम) नीट आकुंचन न पावता नुसता थरथरतो. मानेची शीर वर, पायावर सूज, लिव्हर दाबल्यावर दुखतंय. एपेक्स (हार्टच्या टोकाचा ठोका) बरगड्यांमधल्या पाचव्या स्पेसमध्ये, जागेवरच, टॅपिंग. डाव्या बाजूच्या पॅरास्टर्नल (छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या) भागात तळहात ठेवला तर हात उचलला जातोय. मग डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडायला लावला आणि बेल हलकी टेकवली. खालच्या सुराची गडगड, मिड डायस्टोलिक, म्हणजे हार्ट सैल होऊन भरत असतानाची (त्या वेळेला डायस्टोल म्हणतात). डायफ्रामनं जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणून वर म्हटलं दोन्ही बघून घ्या. बेल जास्त दाबली तरी खालची कातडी ताणून डायफ्रामसारखीच होते आणि तो गडगडीचा आवाज, मर्मर, गायब होतो.

प्रेझेंटेशनला एक्स्टर्नल सर आणि आमच्या मॅडम. मी डायग्नोसिस चार भागांत सांगितलं, कॉलेजला शिकवतात तसंच: कारण काय, जागा आणि बिघाड काय, गुंतागुंत काय, आणि पेशंट चालतो-फिरतो किती. र्‍हुमॅटिक हार्ट डिसीज, मायट्रल स्टेनोसिस (हार्टची डावीकडची झडप अरुंद), एट्रियल फिब्रिलेशन, राइट हार्ट फेल्युअर, एंडोकार्डायटिसची (हार्टच्या आतल्या अस्तराच्या संसर्गाची) लक्षणं नाहीत, क्लास थ्री.

पहिला प्रश्न, "पेशंटला हार्ट फेल्युअर आहे म्हणता आणि एपेक्स जागेवर, असं कसं?" इथं खरंच पुस्तकातलं वाक्य शोधू नका, रक्ताच्या मागं चालत जा. आमच्याकडं चारीचं दार अर्धंच उघडलं की पाणी मागं तुंबतं आणि पुढचं रान कोरडं राहतं, तसंच आहे हे. झडपेच्या पुढं लेफ्ट व्हेंट्रिकल, त्याच्याकडं येतंच कमी, ते कशाला मोठं होईल. मागं लेफ्ट एट्रियम, त्याच्या मागं फुप्फुस, त्याच्या मागं राइट व्हेंट्रिकल, ताण सगळा तिकडं. म्हणून पॅरास्टर्नल हीव्ह (तो हात उचलणारा ठोका) आहे आणि एपेक्स जागेवर आहे. मी हे सगळं इंग्रजी-मराठी मिसळूनच बोलले, सर काही म्हणाले नाहीत.

"मोळी उचलताना दम का लागतो, बसून का नाही?" पल्स वाढली की डायस्टोल आखडतो, आणि अरुंद झडपेतून रक्त जायला वेळ तेवढाच असतो. तोच कार्डियाक सायकलचा ग्राफ. याच उत्तरावरून पुढचा प्रश्न, "मग औषध कुठलं?" बीटा ब्लॉकर, रेट कमी केला की डायस्टोल लांबतो. गरोदरपणी का वाढलं? रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पल्स पण वाढते. "प्रीसिस्टोलिक अॅक्सेंच्युएशन ऐकलं?" (गडगड शेवटी वाढते ते.) नाही सर, एट्रियम आकुंचनच पावत नाही तर शेवटचा धक्का कुठून येणार. "ओपनिंग स्नॅप?" (झडप उघडतानाचा टक् आवाज.) मला ऐकू आला नाही, तसंच सांगितलं. पुस्तकात आहे म्हणून ऐकलं असं सांगू नका, ते लगेच नळी कानाला लावतात. सर म्हणाले स्नॅप जातो कधी? झडपेत कॅल्शियम बसून ती हलायची थांबते तेव्हा. "मग फर्स्ट साउंड कसा असता?" मऊ. "इथं कसाय?" मोठा. सर वर बघून म्हणाले, म्हणजे तुमचा पंखा जोरात आहे. (झडप हलतेय तर स्नॅप असणारच, पंख्याच्या आवाजात मला ऐकू आला नाही.) मॅडम हसल्या.

झडपेचं नॉर्मल क्षेत्रफळ ४ ते ६ चौरस सेंटिमीटर, १.५ किंवा त्याखाली आता सिव्हियर धरतात. र्‍हुमॅटिक फीव्हर का होतो यावर घसा, ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस, एम प्रोटीन, शरीराची अँटिबॉडी आपल्याच हार्टला जंतू समजून धरते, अॅशॉफ बॉडी (हार्टमध्ये मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या गाठी). सेकंड इयर. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) का, तर एट्रियममध्ये रक्त साचून गाठ होते आणि मेंदूत जाऊ शकते. ते कुठं काम करतं, तर व्हिटॅमिन केवर चालणारे फॅक्टर २, ७, ९, १०. सेकंड इयर. नव्या गोळ्या का नाहीत, तर स्टेनोसिस असं जास्त असलं की अजून वॉरफरिनच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पेनिसिलिनवर गेला, तो ताप परत येऊ नये म्हणून देतात ते. बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, झडप खराब झालेली असेल तर निदान १० वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, यातलं जे जास्त ते. सरांनी विचारलं, "यांचं चालू होतं?" मी हिस्ट्रीत विचारलं होतं. गावाकडं असतात तोवर घेतात, दिवाळीनंतर टोळी कारखान्याला गेली की मार्चपर्यंत सुटतं, तिकडं कोण ओळखीचं नाही, रिअॅक्शनच्या भीतीनं कुणी टोचायला तयार होत नाही, दिवसाचा खाडा केला तर मुकादमाची उचल फिटत नाही. वॉरफरिनसाठी लागणारी आयएनआर ही रक्ततपासणी तर लांबच. सर बराच वेळ मॅडमशीच बोलत बसले यावर, मी उभीच. ताईंचे फुग्यानं झडप उघडायच्या बीएमव्हीचे कागद महात्मा फुले योजनेत चालू होते, रेशन कार्डावर नाव सासरचं का माहेरचं यात अडकलेले.

शॉर्ट केस दोन, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. एक उजव्या बाजूचं प्ल्युरल इफ्युजन (फुप्फुसाभोवती पाणी). ठोकल्यावर दगडासारखा आवाज, व्होकल रेझोनन्स (पेशंट बोलताना छातीवर ऐकू येणारा आवाज) कमी, ट्रेकिया (श्वासनलिका) डावीकडं सरकलेली. न्यूमोनियात रेझोनन्स वाढतो आणि पाण्यात कमी का होतो हे विचारलं. दुसरा लकव्याचा पेशंट, तिथं कपाळाला आठ्या घालायला लावायला विसरू नका, आठ्या दोन्हीकडं पडल्या तर गडबड वर मेंदूत, एका बाजूला पडल्याच नाहीत तर खाली फेशियल नर्व्हमध्ये. कपाळाला दोन्हीकडच्या कॉर्टेक्समधून सप्लाय असतो म्हणून. फर्स्ट इयर अॅनाटॉमी.

टेबलवर ईसीजी, एक्सरे, इन्स्ट्रुमेंट, औषधं. प्रॅझोसिनची गोळी होती. ब्लड प्रेशर म्हटलं, तर सर म्हणाले अजून कशाला, तुम्ही मराठवाड्याच्या ना. विंचू! विंचवाच्या विषानं अॅड्रेनलिनसारख्या रसायनांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, फुप्फुसात पाणी होतं, प्रॅझोसिन अल्फा रिसेप्टर अडवतं. हे महाडला काम करून जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, २०२२ ला पद्मश्री मिळाली. एवढं सांगितल्यावर सरांनी पुढचं इन्स्ट्रुमेंट उचलायच्या आधी थांबून पाणी प्यायला सांगितलं, ते बरं वाटलं.

त्यानंतर सर्जरी, गायनॅक, पेडियाट्रिक्स. ते सगळं लिहिलं तर हे संपणारच नाही. मग रिझल्टची वाट, जी परीक्षेपेक्षा वाईट. गावाकडं गेले तर जो तो विचारणार, झाली का डॉक्टर. पोर्टल रोज उघडायचं, आजचं उद्यावर. एकदा दुपारी अचानक कॉलेजच्या ग्रुपवर पीडीएफ आली आणि नेट चालेना, मैत्रिणीनं नंबर शोधून फोन केला.

पास झाल्यावर इंटर्नशिपच्या आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन काढावं लागतं, फॉर्म आणि फी ऑनलाइन, कागद स्कॅन करून. आमच्या बॅचमध्ये यात जे अडकले ते सगळे नावामुळं. सनदेवर वडिलांचं नाव एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या, नीट परीक्षेच्या वेळी तिसऱ्या. हे दुरुस्त करायला अॅफिडेव्हिट, गॅझेट, तहसीलच्या चकरा सगळं येतं, तेव्हा सेकंड इयरला असाल तरी आज दहावीची सनद आणि आधार शेजारी ठेवून बघा. स्कॅन कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं करू नका, अस्पष्ट येतं आणि फॉर्म परत येतो, मोबाइलवरच उजेडात नीट काढा.